खरं पिस्तूल हाताशी नसताना चामडी होल्स्टर घडवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होल्स्टर शिवायला लागलं की पहिली मोठी अडचण सुईदोऱ्याची नसते. समोरचा माणूस म्हणतो, माझ्याकडे अमुक पिस्तूल आहे, त्याला बसेल असं करून द्या. पिस्तूल त्याच्याकडे, चामडं आपल्याकडे. ते पिस्तूल आपल्यापर्यंत येणं बहुतेक वेळा कायद्यात बसत नाही, आणि बसलं तरी कुणाचं हत्यार चार दिवस आपल्या टेबलावर असणं मला पटत नाही. मग घडवायचं कशावर? या कामात नव्याने पडलेले लोक मला जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

खरं पिस्तूल नसताना नीट बसणारं होल्स्टर होऊच शकतं का?

होतं. जोडे शिवणारा कारागीर कलबुतावर जोडा चढवतो, तसंच हे आहे. मात्र एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसायला हवी. होल्स्टर पिस्तुलाला सगळीकडून सारखं धरत नाही. धरणाऱ्या जागा तीन-चारच असतात: चापाभोवतीची कडी म्हणजे ट्रिगर गार्ड, स्लाइडची म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाची रुंदी, काडतुसाचं रिकामं टरफल बाहेर पडतं ती खिडकी, आणि रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर. बाकीचं चामडं नुसतं झाकतं. धरणाऱ्या जागी साचा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर हवा. जिथे पिस्तूल अडकू शकतं, म्हणजे पुढची माशी (नेम धरायला नळीच्या टोकाशी असलेला उंचवटा), सुरक्षा खटका, मॅगझिन सोडण्याचं बटण, तिथे साचा मुद्दाम थोडा मोठा हवा. हा फरक कळला की खऱ्या पिस्तुलाची उणीव फारशी जाणवत नाही. न कळता काम केलं तर खऱ्या पिस्तुलावर घडवलेलं होल्स्टरही फसतं.

बाजारात मिळणारी डमी कोणती घ्यावी?

डमी म्हणजे पिस्तुलाच्या आकाराचा, गोळी न झाडणारा ठोकळा. रिंग्ज कंपनीच्या निळ्या ब्लूगन्स या कामात सर्वाधिक दिसतात. पॉलियुरेथेनमध्ये ओतलेल्या, भरीव, कुठलाही भाग न हलणाऱ्या. एएसपी कंपनीच्या लाल डमीही असतात. दोन्ही मुळात प्रशिक्षणासाठी बनल्या. रंग असा ठेवला की लांबूनही कुणाला खरं हत्यार वाटू नये. होल्स्टर बनवणाऱ्यांना त्या सापडल्या, कारण आकार खऱ्यासारखा, पाण्याने गंजत नाहीत आणि ओल्या चामड्यात रात्रभर राहिल्या तरी काही बिघडत नाही. खऱ्या पिस्तुलाबाबत हे करणं धोक्याचं. ओलं चामडं पोलादाला गंज चढवतं, आणि झाडाच्या सालीतल्या टॅनिनला लोखंड लागलं की चामड्यावर काळा डाग पडतो, जो सहसा निघत नाही.

ॲल्युमिनियमच्या ओतीव डमीही मिळतात. महाग आणि जड असतात, पण प्रेसखाली दाबून घडवायचं असेल तर त्यांच्याइतकं टिकाऊ दुसरं काही नाही.

विकत घेताना एक काळजी घ्या. पॉलियुरेथेनच्या डमीत ओतताना कडेने रेघ उमटलेली असते, कधी नळी किंचित वाकलेली असते. डमी हातात आली की आधी सपाट काचेवर ठेवून पाहा, मग कॅलिपर लावा. मी प्रत्येक डमीच्या मुठीवर तिची मोजलेली मापं मार्करने लिहून ठेवतो.

एअरसॉफ्टचं पिस्तूल चालेल का?

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या मारणारी खेळातली प्रतिकृती. काही चालतात, काही घात करतात. मूळ कंपनीच्या परवान्याने बनवलेल्या गॅसवरच्या प्रतिकृती बाहेरून बऱ्याचशा खऱ्या मापाच्या असतात. स्वस्तातल्या स्प्रिंगच्या प्रतिकृतींमध्ये स्लाइड जाड, ट्रिगर गार्ड वेगळ्या वळणाचा, आणि पुढचा रेल (नळीखाली लाइट अडकवायची पट्टी) भलत्याच मापाचा असू शकतो. बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेल्या मापाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नका. दुसरं असं की या प्रतिकृतींत पोलादी पिना आणि स्क्रू असतात. ओल्या चामड्यात घालण्याआधी घरात अन्न झाकायला वापरतो ती पातळ प्लास्टिकची फिल्म घट्ट गुंडाळा.

आणि खऱ्यासारखी दिसणारी प्रतिकृती बाळगण्याचे नियम जिथल्या तिथे वेगळे असतात. ते पाहूनच घ्या, आणि कामाच्या टेबलाबाहेर तिला नेऊ नका.

थ्रीडी प्रिंट केलेला साचा कसा?

दुर्मीळ मॉडेलसाठी हल्ली हाच उपाय उरतो, आणि नीट केला तर उत्तम आहे. इथे मला बसलेला फटका सांगतो. पहिला साचा मी पीएलए प्लास्टिकमध्ये काढला. चामडं चढवलं, हाडाच्या पट्टीने रेघा काढल्या, सगळं मनासारखं झालं आणि वाळवायला उबदार पेटीत ठेवलं. पेटीचा तापमापक बिघडला होता, हे मला माहीत नव्हतं. दोन तासांनी बाहेर काढलं तेव्हा होल्स्टरचं टोक केळ्यासारखं एका बाजूला वळलेलं. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. आत साचा वाकला आणि आकसणाऱ्या चामड्याने त्याला ओढून नेलं. साचा, चामडं आणि दोन दिवसांची शिलाई, सगळं गेलं. तेव्हापासून मी पीईटीजी वापरतो, ते साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं. एबीएस साधारण १०० अंशांपर्यंत ताठ राहतं, पण प्रिंट करताना जास्त त्रास देतं.

प्रिंट पोकळ ठेवू नका. बाहेरच्या भिंती पाच-सहा थरांच्या आणि आतला भराव निम्म्याहून अधिक, नाहीतर अंगठ्याच्या जोरानेही स्लाइड आत दबते. पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. प्रिंटच्या थरांच्या बारीक रेघा ओल्या चामड्याच्या आतल्या बाजूवर जशाच्या तशा उमटतात आणि पिस्तूल काढताना खरखर लागते. मोठा साचा मधोमध दोन भागांत प्रिंट करून चिकटवला तर सरळ राहतो.

फाइल कुणी बनवली हे बघा. खेळण्यासाठी किंवा शोभेसाठी बनवलेल्या फाइलींत मापं अंदाजे असतात. प्रिंट झाल्यावर स्लाइडची रुंदी मोजा, जाहीर मापाशी जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

लाकडाचा साचा करता येतो का?

येतो, आणि चांगला होतो. कठीण, बारीक रेषांचं लाकूड घ्या. बाजूने दिसणारी आकृती कापा, मग स्लाइड, फ्रेम आणि ट्रिगर गार्ड यांच्या जाडीतला फरक पातळ थर चिकटवून किंवा तासून आणा. तयार साच्याला इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन वॉर्निशचे तीन हात द्या, नाहीतर लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि होल्स्टर सैल होतं. लोखंडी खिळे मारू नका. कारण वर आलंच आहे.

एकाच डमीवर किती मॉडेलं निघतात?

हा प्रश्न पैशाचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो. एकाच घराण्यातल्या पिस्तुलांत रुंदी तीच आणि लांबी वेगळी, असं खूपदा असतं. ग्लॉक १७, १९ आणि २६ या तिन्हींची स्लाइड २५.५ मिमी रुंद. नळ्या अनुक्रमे ११४, १०२ आणि ८७ मिमी. त्यामुळे १७ ची एक डमी घेतली की तिन्हींसाठी घडवता येतं, फक्त खालचं टोक कुठे कापायचं ते बदलतं. टोक उघडं ठेवलं तर १७ साठी शिवलेल्या होल्स्टरमध्ये १९ आणि २६ देखील बसतात. पण .४५ कॅलिबरच्या ग्लॉक २१ ला ही डमी अजिबात चालत नाही, ते अंगानेच जाड आहे. .४० च्या २२ आणि २३ मध्ये जुन्या पिढ्यांना चालते, पाचव्या पिढीत स्लाइड जाड केली आहे म्हणून चालत नाही. ग्राहक नुसतं ‘ग्लॉक’ म्हणाला तर पुढचे तीन प्रश्न विचारल्याशिवाय रापी उचलू नका.

१९११ या नावाच्या पिस्तुलांच्या घराण्यात पूर्ण लांबीच्या गव्हर्नमेंटची नळी ५ इंची, कमांडरची ४.२५ आणि ऑफिसर्सची ३.५. गव्हर्नमेंटची डमी घेतली की बाकीच्यांचं भागतं. फक्त दोन गोष्टी विचारा. नळीखालच्या फ्रेमवर लाइट लावायचा रेल आहे का? आणि सुरक्षा खटका एकाच बाजूला आहे की दोन्ही बाजूंना? साध्या फ्रेमवर घडवलेल्या होल्स्टरमध्ये रेलवालं १९११ शिरत नाही. उलट केलं तर शिरतं, पण हलतं.

बेरेटा ९२ एफएस आणि एम९ए१ यांच्यातही रेलचाच फरक आहे. सीझेड ७५ चं म्हणाल तर त्याची स्लाइड फ्रेमच्या आत बसते, त्यामुळे वरची बाजू अरुंद आणि खालची रुंद. चांगल्या पकडीसाठी ती फ्रेमची कड छान उपयोगी येते. त्याच घराण्यातल्या एसपी-०१ मध्ये मात्र फ्रेम पुढपर्यंत लांब आणि रेलसह, तिला वेगळा साचा लागतो.

आणि रिव्हॉल्व्हर?

रिव्हॉल्व्हरला फ्रेमचा आकार विचारा. स्मिथ अँड वेसनच्या जे, के, एल आणि एन फ्रेमचे सिलिंडर साधारण ३३, ३७, ४० आणि ४३ मिमी व्यासाचे. के फ्रेमच्या साच्यावर एल फ्रेमचं होल्स्टर होत नाही, कितीही ताणलं तरी. नळीच्या खाली काय आहे तेही पाहा: मॉडेल १० चा इजेक्टर रॉड (रिकामी टरफलं बाहेर ढकलणारी दांडी) उघडा, मॉडेल १९ चा झाकलेला, आणि ६८६ च्या नळीखाली टोकापर्यंत जाड पट्टा. तिघांच्या होल्स्टरची खालची रेघ वेगळी येते.

सिंगल ॲक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक गोळीआधी हातोडा हाताने मागे ओढावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरमध्ये, लांब नळीची डमी घ्या, ७.५ इंची. तिच्यावर ५.५ आणि ४.७५ इंचांच्या खुणा करून ठेवल्या की तिन्ही लांब्यांची होल्स्टरं निघतात. रुगरचं व्हाकेरो असेल तर जुनं की २००५ नंतरचं न्यू व्हाकेरो, हे विचाराच. नव्याची फ्रेम लहान, कोल्टच्या सिंगल ॲक्शन आर्मीच्या जवळची आहे.

डमीच मिळत नसेल तर ग्राहकाकडून कोणती मापं मागवायची?

सगळ्यात आधी त्याला सांगा: मॅगझिन काढ, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपास, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव, मगच कॅलिपर हातात घे. हे वाक्य मी प्रत्येक ग्राहकाला पाठवतो, तो कितीही जाणकार असला तरी.

मग स्लाइडची रुंदी, पुढे आणि मागे दोन ठिकाणी. नळीच्या तोंडापासून ट्रिगर गार्डच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर. ट्रिगर गार्डची जाडी आणि उंची. स्लाइडच्या वर माशी किती मिलिमीटर उभी आहे. सर्वात जाड जागा कुठली आणि किती. या पाच मापांत बहुतेक काम होतं. मूठ मोजायची गरज नाही, ती होल्स्टरच्या बाहेर असते. फक्त हाताची पकड पूर्ण बसायला चामड्याची वरची कड कुठे थांबवायची, तेवढं फोटोवरून बघायचं.

पेन्सिलने कागदावर काढलेली आकृती मागवू नका. पेन्सिल तिरकी धरली जाते, गोल कडांखाली सरकते, आणि आकृती चार मिलिमीटर मोठी किंवा दोन मिलिमीटर लहान येते. फोटो बरा, पण नीट काढलेला. पिस्तूल टेबलावर आडवं, शेजारी मोजपट्टी. ही मोजपट्टी टेबलावर ठेवायची नाही, पिस्तुलाच्या मधल्या पातळीइतक्या उंचीच्या ठोकळ्यावर ठेवायची. कारण मधली पातळी टेबलापासून तेरा-एक मिलिमीटर वर असते. चाळीस सेंटिमीटरवरून फोटो काढला तर ती जवळ असल्याने तीन टक्के मोठी दिसते, आणि १८५ मिमीचं पिस्तूल मोजपट्टीच्या हिशेबाने १९१ मिमीचं भरतं. तीन मीटर मागे जाऊन झूम करून काढला तर हाच फरक एक मिलिमीटरच्या आत येतो.

डमी आली तशीच वापरायची का?

नाही. डमी तयार करणं हे निम्मं काम आहे, आणि नवे लोक नेमकं हेच टाळतात.

पहिलं म्हणजे माशीची वाट. पुढची माशी होल्स्टरमधून वर येताना चामड्याला घासते, तर आत तिच्यासाठी पन्हळ हवी. सहा ते आठ मिमी जाडीची लाकडी काडी स्लाइडच्या वरच्या बाजूला, माशीपासून नेम धरायच्या मागच्या खाचेपर्यंत, टेपने चिकटवा. काडीची उंची माशीपेक्षा एक-दोन मिमी जास्त असू द्या. चामडं वाळताना आकसतं. ग्राहकाने मूळची माशी काढून उंच माशी बसवली असेल तर काडीही तशी उंच घ्या. हे विचारायचं राहिलं म्हणून माझं एक होल्स्टर परत आलं होतं. आतून चामड्याचा लांब, पेन्सिलच्या सालीसारखा धागा निघालेला, आणि प्रत्येक वेळी पिस्तूल काढलं की माशीच्या टोकाला चामड्याची किस लागलेली.

दुसरं, सुरक्षा खटका आणि स्लाइड अडवणारा खटका. त्यांच्यावर दोन-तीन थर टेप लावून जागा थोडी फुगवा. पीव्हीसीच्या विजेच्या टेपचा एक थर साधारण ०.१५ मिमी भरतो, त्यामुळे हिशेब सोपा जातो. मॅगझिन सोडण्याच्या बटणावर एक पातळ गोल चकती चिकटवा, नाहीतर ताठ झालेलं चामडं बसता-उठता बटण दाबतं आणि मॅगझिन सुटतं.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, ट्रिगर गार्डची पोकळी. काही डमींत ती भरीव असते, काहींत उघडी. उघडी असेल तर इपॉक्सी पुट्टीने भरून घ्या, कडीच्या काठापासून साधारण दोन मिमी आत राहील इतकी. म्हणजे बाहेरून कडीचा आकार ठळक उमटतो, पण चामडं आत खोल जात नाही. चापाच्या जागेत चामड्याचा फुगवटा कधीच येता कामा नये. पिस्तूल आत घालताना तोच फुगवटा चापाला लागू शकतो. शोभेसाठी चापाचा आकार बाहेरून उमटवणारे लोक मी पाहिले आहेत. मी ते करत नाही आणि कुणी मागितलं तर नाही म्हणतो.

चामडं कोणतं?

साल-पाल्याच्या टॅनिनने कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं, ओलं करून कितीही दाबलं तरी वाळल्यावर पुन्हा लोळतं. कमरेच्या बाहेर लावायच्या होल्स्टरला ३ ते ३.५ मिमी, आत खोवायच्याला २.५ ते ३ मिमी. जाडी औंसांत लिहिलेली असेल तर एक औंस म्हणजे एका इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिमी. पाठीचा भाग घ्या, पोटाचा ताणला जातो.

साचा आहे, पण शिलाईची रेघ कुठे आखायची?

दोन पल्ल्यांचं होल्स्टर असेल तर पिस्तुलाच्या आकृतीच्या बाहेर, पिस्तुलाच्या जाडीच्या निम्मे अधिक चामड्याची जाडी, एवढं अंतर सोडायचं. २५.५ मिमीची स्लाइड आणि ३ मिमी चामडं असेल तर पावणेतेरा अधिक तीन, म्हणजे साधारण १६ मिमी. ट्रिगर गार्ड स्लाइडपेक्षा पातळ असतो, म्हणून तिथली रेघ जवळ येते. ही रेघ सगळीकडे सारख्या अंतराने मारली की गार्डजवळ पिस्तूल खुळखुळतं. शिवण्याआधी रेघेवर चिमटे लावून डमी आत घालून पाहा. घालताना जोर लागला पाहिजे. घडवताना चामडं सैलावतं, शिवण सैलावत नाही.

ओलं करून घडवताना नेमकं काय बघायचं?

कोमट पाणी. होल्स्टर पूर्ण बुडवलं की बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. तीन मिमीच्या चामड्याला मी वीस-तीस सेकंद देतो. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवलं तर चामडं लिबलिबीत होतं, रेघ धरत नाही. बाहेर काढून तसंच बाजूला ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत वरचा गडद रंग फिकट होऊन मूळच्या रंगाकडे वळायला लागतो, पण गालाला लावलं तर अजून गार लागतं. हीच वेळ.

डमी सरळ आत सारा, पूर्ण खोल, आणि समोर धरून पाहा की तिरकी तर बसली नाही. मग आधी नुसते अंगठे. स्लाइडच्या कडेपासून शिवणीकडे, ट्रिगर गार्डच्या पुढच्या बाकात, खिडकीवर. चामडं अंगठ्याखाली हळूहळू खाली बसतं आणि उठायचं विसरतं, ते हाताला कळतं. हाडाची पट्टी नंतर. तिचं टोक गोल आणि काचेसारखं गुळगुळीत हवं. छोटा ओरखडाही चामड्यावर कायमचा राहतो. नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली. ट्रिगर गार्डची बाहेरची रेघ मी तीन वेळा हलक्या हाताने काढतो, एकदाच जोरात नाही.

तासाभराने पुन्हा एकदा तीच रेघ काढा. चामडं थोडं ताठ झालेलं असतं, आता ती तीक्ष्ण उमटते. मग डमी अलगद काढून होल्स्टर वाळवा, ४५–५० अंशांच्या आत. ओलं असताना ७० अंशांच्या आसपास गेलं तर चामडं आकसून ठिसूळ होतं, आणि ते परत येत नाही.

खूप ठळक आकार उमटवला तर पकड वाढते का?

ठराविक मर्यादेपर्यंत. साच्यावर काम करताना तर मी कमीच ठळक ठेवतो, कारण डमी आणि खऱ्या पिस्तुलात बारीक फरक असतोच. गार्ड आणि खिडकी ठळक, बाकी रेघा मऊ.

प्रेस हवा का?

महिन्याला दोन-चार होल्स्टरं करणाऱ्याला नको. प्रेसमध्ये वरून-खालून जाड रबर लावून दाबलं की काम एकसारखं होतं. पण लाकडी किंवा प्रिंट केलेला साचा त्यात चिरडतो. ॲल्युमिनियमची डमी असेल तरच.

लाइट किंवा रेड डॉट असेल तर?

लाइट असलेल्या पिस्तुलाला होल्स्टर बहुतेक लाइटवरच धरतं, पिस्तुलावर नाही. त्यामुळे नुसती पिस्तुलाची डमी कामाची नाही. त्याच मॉडेलचा लाइट किंवा त्याचा साचा डमीवर बसवावा लागतो. टीएलआर-१ आणि टीएलआर-७ या लाइटांचे आकार इतके वेगळे की एकावर केलेलं दुसऱ्याला बसत नाही. लाइट ट्रिगर गार्डपेक्षा रुंद असतो म्हणून होल्स्टरचं तोंडही रुंद होतं. तिथे गार्डच्या बाजूने बोट आत जाऊ शकतं का, हे तपासल्याशिवाय काम पूर्ण धरू नका. रेड डॉट, म्हणजे स्लाइडवर बसवलेली लाल ठिपक्याची नेम धरायची काच, सोपा: मागची कड खाली कापायची, पुढे माशी उंच असेल तर काडीही उंच.

तयार होल्स्टर फार घट्ट झालं. आता?

पहिल्यांदा घट्टच असावं. ग्राहकाला सांगा: रिकामं पिस्तूल मेणकागदात किंवा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत घाल आणि रात्रभर ठेव. दुसऱ्या दिवशी बहुधा नीट येतं. तेल लावून सैल करू नका. तेलाने चामडं मऊ पडतं, मग तोंड मिटतं. फार सैल झालं तर शिवणीच्या आत आणखी एक ओळ शिवता येते, पण तेवढ्यानेही भागत नसेल तर मी नवं करून देतो.

ग्राहकाने होल्स्टर कसं तपासावं? खरं पिस्तूल पहिल्यांदा त्याच्याकडेच बसणार.

म्हणूनच मी प्रत्येक होल्स्टरसोबत हाताने लिहिलेला एक कागद पाठवतो. त्यात सुरुवातीलाच: पिस्तूल रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत.

मग पिस्तूल हळू आत घालायचं, बोट चापापासून लांब. कुठे अडलं तर ढकलायचं नाही, काढून आत टॉर्च मारून बघायचं. पूर्ण बसल्यावर चाप कुठल्याही बाजूने दिसता कामा नये, आणि बाहेरून चामडं दाबलं तरी ते चापापर्यंत पोहोचता कामा नये. सुरक्षा खटका लावून आत घालायचं, काढल्यावर तो लावलेलाच आहे का बघायचं, वीस वेळा. मॅगझिन रिकामंच, पण आत बसवून, खुर्चीत बसायचं, उठायचं, वाकायचं, आणि ते सुटलं नाही हे पाहायचं. गादीवर होल्स्टर उलटं धरून हलकेच हलवायचं. पिस्तूल पडता कामा नये. पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, मिटणारं तोंड म्हणजे पुन्हा आत घालताना चामड्याची घडी चापाजवळ येण्याचा धोका.

यातलं एकही जमलं नाही तर वापरायचं नाही, परत पाठवायचं, खर्च माझा. परत आलेलं होल्स्टर मी आधी उघडून आतून बघतो. घासल्याच्या चकचकीत खुणा कुठे आहेत, त्यावरून डमी आणि खऱ्या पिस्तुलातला फरक नेमका कुठे होता ते दिसतं. तो फरक डमीच्या मुठीवर, आधीच्या मापांखाली, तारखेसकट लिहितो. माझ्या एका १९११ च्या निळ्या डमीवर अशा सात ओळी आहेत, आणि तिच्यावर घडवलेलं होल्स्टर परत येऊन आता बराच काळ झाला.